न्गुयेन वान स्वन यांच्यावर वाचनालयात व्याख्यान द्यायचं असेल तर

फ्रेंच सैन्यात जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढलेले आणि मे १९४८ पासून जुलै १९४९ च्या सुरुवातीपर्यंत व्हिएतनामच्या हंगामी मध्यवर्ती सरकारचे प्रमुख असलेले न्गुयेन वान स्वन. हे नाव कोकणातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत घ्यायचं, तर तयारी दोन्हीकडची लागते, इतिहासाची आणि सभागृहाची. अशी व्याख्यानं फसतात ती या दोन्हींच्या सांध्यात. वक्त्याकडे माहिती भरपूर असते, पण समोरच्याला नावं पकडता येत नाहीत, नकाशा मागच्या रांगेतून दिसत नाही, आणि शेवटची एसटी गाठायला लोक उठू लागतात तेव्हा वक्ता अजून १८८४ सालातच अडकलेला असतो.

आधी कणा ठरवा

या आयुष्यातली एकच घटना व्याख्यानाच्या मध्यभागी ठेवा: ५ जून १९४८ ची सही. जागा उत्तर व्हिएतनाममधला ‘हा लाँग’ नावाचा उपसागर, जहाज ‘द्युगे-त्रुआँ’ ही फ्रेंच युद्धनौका. फ्रान्सतर्फे सही केली उच्चायुक्त एमिल बोलार यांनी आणि व्हिएतनामतर्फे स्वन यांनी. माजी सम्राट बाओ दाई समोर हजर होते. बाकी जे सांगाल त्याला एकच कसोटी लावा: त्यातून ही सही कळायला मदत होते का? हा माणूस लेखणी घेऊन त्या टेबलापर्यंत कसा पोचला, सहीनं काय मिळालं, आणि जे मिळालं नाही ते कोणाच्या हातात राहिलं, या तिन्हींपैकी कशालाच उत्तर देत नसेल तर ती माहिती कितीही रसाळ असली तरी गाळा. दिएन बिएन फूची लढाई, १९५४ मध्ये फ्रेंच हरले ती, तर गाळाच. ती एकदा सुरू झाली की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

वेळ ४५ मिनिटं धरा, वर १५ मिनिटं प्रश्नांना. सभेत मराठी सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे पूर्ण वेळेत पाच हजाराच्या आत. टाळ्या, खोकला, उशिरा आलेल्यांच्या खुर्च्या ओढण्याचा आवाज धरून साडेचार हजारांवर लिहू नका. वाटणी अशी जमते: थिबा राजाची प्रस्तावना ४ मिनिटं, तीन प्रांतांचा नकाशा ८, स्वन यांचं सैनिकी आयुष्य ६, १९४५ ते ४७ चा गुंता ९, पाच जूनची सही १२, नंतरचं ६. सहीच्या बारा मिनिटांतलं एकही मिनिट दुसरीकडे उसनं देऊ नका.

थिबापासून सुरुवात करा, पण चारच मिनिटं

रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेशाच्या राजाची ओळख करून द्यावी लागत नाही. १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले पडलं, थिबाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं, पुढे राजवाडा बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा इथेच शेवट झाला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो त्यातला फ्रेंच धागा. शेजारच्या टोंकिनमध्ये, म्हणजे व्हिएतनामच्या उत्तर भागात, फ्रेंच पाय रोवत होते, त्यांची मंडालेच्या दरबाराशी बोलणी चालली होती, आणि इंग्रजांच्या घाईमागे ही एक मोठी धास्ती होती. या दुव्यावरून श्रोता दोन वाक्यांत रत्नागिरीतून हनोईला पोचतो.

लगेच पुढचं सांगा. राजांना समुद्रापार पाठवण्याची रीत फ्रेंचांनीही पाळली. व्हिएतनामचे सम्राट हाम न्गी यांना अल्जीरियात पाठवलं. थान्ह थाय आणि त्यांचे चिरंजीव झुय तान या दोघांना १९१६ साली रियुनियन बेटावर धाडलं. म्हणजे १९१६ या एकाच वर्षात थिबा रत्नागिरीत वारला, झुय तान हद्दपार झाला आणि तिकडे पहिल्या महायुद्धातल्या वर्दूंच्या लढाईत तरुण स्वन फ्रेंच तोफखान्याचा अधिकारी म्हणून होता. फळ्यावर हे एक साल मोठ्या अक्षरात लिहा. तीन माणसं, आणि साम्राज्याशी तिघांचं नातं तीन तऱ्हांचं.

चार मिनिटं झाली की थांबा. राजवाड्यावर, राजकन्यांवर, थिबाच्या थडग्यावर प्रश्न येणारच. “शेवटी बोलू” म्हणून पुढे सरका. नाहीतर व्याख्यान थिबावर होऊन जातं, आणि लोक खूश होऊन घरीही जातात. धोका तोच आहे.

नकाशा: इथे कंजुषी नको

तीन प्रांत कळल्याशिवाय सहीचा अर्थ लागत नाही. उत्तरेला टोंकिन, मध्ये आन्नाम, दक्षिणेला कोचिनचायना. कोचिनचायनाचे पूर्वेकडचे तीन प्रांत फ्रान्सनं ५ जून १८६२ च्या सायगाव तहानं घेतले, पश्चिमेकडचे १८६७ मध्ये. ती थेट वसाहत झाली, म्हणजे कायद्यानं फ्रान्सचाच मुलूख. आन्नाम आणि टोंकिन १८८४ च्या तहानं संरक्षित राज्यं झाली: राजधानी हुएच्या गादीवर सम्राट कायम, पण कारभाराची दोरी फ्रेंच रेसिडेंटांच्या हाती.

कोकणात हा फरक समजावणं सोपं आहे, कारण इथे दोन्ही नमुने शेजारी शेजारी होते. रत्नागिरी जिल्हा थेट मुंबई इलाख्यात, कलेक्टरच्या अमलाखाली. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं, तिथे राजा किंवा नवाब गादीवर आणि वर पोलिटिकल एजंट. कोचिनचायना म्हणजे रत्नागिरी जिल्हा, आन्नाम म्हणजे सावंतवाडी, एवढं म्हणा आणि थांबा. आकार, लोकसंख्या, राजघराण्याचा इतिहास यांत तुलना ओढू नका. ती तिथे टिकत नाही, आणि सावंतवाडीचा एखादा जाणकार तुम्हाला तिथेच पकडेल.

नकाशा हातानं काढलात तर उत्तम. १ सेंमीला १५ किमी हे प्रमाण घ्या. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे १६५० किमी लांब, म्हणजे कागदावर ११० सेंमी. ९० बाय १२० सेंमीचा जाड कागद पुरतो. देश मध्ये फार चिंचोळा आहे. सर्वांत अरुंद जागी सुमारे ५० किमी, म्हणजे तुमच्या कागदावर तीन-सव्वातीन सेंमी. तिथे ‘आन्नाम’ हे नाव मावतच नाही. कोंबून लिहिलं तर पहिल्या रांगेलाही वाचता येत नाही. नावं समुद्रात लिहा आणि बाण किनाऱ्याकडे न्या. तीन प्रांतांना तीन ठळक रंग द्या. फिकट पिवळा आणि फिकट हिरवा संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात.

डाव्या कोपऱ्यात त्याच प्रमाणात आपली किनारपट्टी काढा. झाईपासून तेरेखोलपर्यंत उत्तर-दक्षिण सरळ अंतर सुमारे ५०० किमी, म्हणजे ३३ सेंमी. एका नजरेत अंदाज येतो. रेल्वेवाल्यांसाठी आणखी एक: हनोई ते सायगाव लोहमार्ग १७२६ किमीचा, १९३६ मध्ये पुरा झालेला, आपली कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४० किमीच्या आसपास.

अक्षरांचा आकार: अक्षराचं अंग २.५ सेंमी असेल तर सात-आठ मीटरवरून सहज वाचता येतं. हे माप मात्रा, वेलांट्या, उकार सोडून. देवनागरीत ओळीच्या वर आणि खाली तेवढीच मोकळी जागा ठेवली नाही तर ‘टोंकिन’चा अनुस्वार वरच्या ओळीला जाऊन चिकटतो.

एक चूक वारंवार दिसते: १७ व्या अक्षांशावर फाळणी दाखवणारा नकाशा छापून आणणं. ती रेषा जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारातली. स्वन यांच्या सत्तेच्या काळात ती नव्हती. तसंच १९४७-४८ मध्ये ‘दक्षिण व्हिएतनाम’ हे नाव स्वन यांनी वापरलं ते फक्त कोचिनचायनापुरतं. अमेरिकेच्या युद्धातलं दक्षिण व्हिएतनाम वेगळं आणि मोठं. झेंड्यातही हेच होतं. पिवळ्यावर तीन तांबडे पट्टे हा स्वन यांच्या सरकारनं जून १९४८ मध्ये स्वीकारलेला झेंडा. आजच्या व्हिएतनामचा झेंडा तांबडा, मध्ये पिवळा तारा. फ्लेक्स छापणारा इंटरनेटवरून पहिला मिळेल तो उचलतो, म्हणून मजकुराबरोबर चित्रही तुम्हीच द्या.

नावं आणि ‘तो’ की ‘ते’

‘न्गुयेन’ हे आडनाव आहे, नावात पहिलं येतं, आणि तिथे ते इतकं सार्वत्रिक आहे की त्यावरून माणूस ओळखताच येत नाही. याच काळात न्गुयेन वान थिन्ह हे डॉक्टर, न्गुयेन वान ताम हे पुढचे एक पंतप्रधान आणि न्गुयेन वान हिन्ह हे तामांचे चिरंजीव, पुढे सैन्याचे प्रमुख, असे तिघे आणखी आहेत. शेवटचं नाव घ्या: स्वन, थिन्ह, ताम, हिन्ह. १९६७ नंतरचे अध्यक्ष न्गुयेन वान थिएउ हेही जनरल होते. पत्रिकेत त्यांचा फोटो छापला गेला तर व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच संपलं समजा.

‘स्वन’ असंच लिहा आणि पत्रिकेच्या प्रुफात डोळे फाडून बघा. टंकणारा हटकून ‘श्वान’ करतो. मग सभागृह हसतं, आणि ते हसणं पुढची दहा मिनिटं पुरतं. जुन्या टाइपात काम करणाऱ्या छापखान्यात ‘न्गु’ हे जोडाक्षर मोडून ‘नगु’ होतं, तेही तपासा.

आता सर्वनाम. मराठीत ‘तो’ म्हटलं की निकाल लागतो, ‘ते’ म्हटलं की मान दिला जातो. बोलताना फ्रेंचांविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांना ‘ते’ आणि स्वन यांना ‘तो’ असं तोंडातून जाऊ लागलं, तर पुराव्याआधीच तुम्ही कौल दिलेला असतो, आणि श्रोत्याला ते कळतं. दोघांनाही ‘ते’ म्हणा, बोलार आणि बाओ दाईंनाही. थिबा राजाला रत्नागिरीत सगळे जिव्हाळ्यानं ‘तो’ म्हणतात, तेवढी सूट असू द्या.

सैनिकी आयुष्य: थोडक्यात, पण हुद्दे अचूक

जन्म १८९२, कोचिनचायनात. शिक्षण फ्रान्समध्ये, पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक या लष्करी शिस्तीच्या अभियांत्रिकी विद्यालयात. पहिल्या महायुद्धात तोफखाना, नंतर फ्रेंच सैन्यातच नोकरी. फ्रेंच नागरिकत्व. १९४६ मध्ये कर्नल, त्यानंतर जनरल. हुद्दा आणि साल यांची गल्लत सर्रास होते. १९४६ च्या प्रसंगात त्यांना ‘जनरल’ म्हणू नका.

इथे श्रोत्यांना एक गोष्ट उलगडून सांगण्यासारखी आहे. वसाहतीतला माणूस फ्रेंच सैन्यात जनरल होतो, तेव्हा त्याला हुद्दा मिळतो. फौज मिळतेच असं नाही. स्वन यांच्या राजकारणात कामी आली ती पॅरिसमधली ओळखदेख, फ्रेंच अधिकाऱ्यांशी बरोबरीनं बोलायची सवय आणि पदकं. त्यांच्या शब्दावर बराकीतून बाहेर पडेल अशी एकही व्हिएतनामी पलटण नव्हती. शेजारी हो चि मिन्ह यांच्या फौजेचे सेनापती वो न्गुयेन जियाप यांना उभं करा. ते मुळात हनोईत इतिहासाचे शिक्षक, कुठल्याही लष्करी विद्यालयात न गेलेले. त्यांना जनरलपद देण्याचा हुकूम जानेवारी १९४८ मध्ये निघाला आणि समारंभ जंगलातल्या तळावर २८ मे १९४८ ला झाला. स्वन यांचं सरकार जाहीर झालं २७ मे १९४८ ला. एक दिवसाचं अंतर! एकीकडे जनरल राजकारणात शिरतोय, दुसरीकडे शिक्षक जनरल होतोय. हे फळ्यावर लिहा आणि काही न बोलता पाच सेकंद थांबा. ही जागा हमखास पकड घेते.

१९४५ ते ४७: गुंता सोडवताना

या भागात वक्ते सर्वांत जास्त घसरतात, कारण तीन वर्षांत घटनांचा ढीग आहे. पाचच टप्पे घ्या.

मार्च १९४५ मध्ये जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथवली. ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि २ सप्टेंबरला हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केलं. दक्षिणेत जपान्यांची शस्त्रं उतरवायला जनरल ग्रेसींच्या हाताखाली ब्रिटिशांची विसावी हिंदी डिव्हिजन सायगावात आली, म्हणजे आपल्याकडचेच सैनिक. त्यांच्या आडोशानं फ्रेंच पुन्हा सत्तेवर बसले आणि भारतात नेहरूंनी त्याचा निषेध केला. इथे सभागृह कान टवकारतं. दोन मिनिटं द्या, जास्त नको. आणि ‘त्यात आपल्या जिल्ह्याचे किती होते’ यावर अंदाजानं बोलू नका.

पुढे ६ मार्च १९४६ च्या करारात फ्रान्सनं व्हिएतनामला फ्रेंच युनियनमधलं, म्हणजे फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींच्या संघातलं, ‘मुक्त राज्य’ मानलं आणि तिन्ही प्रांत एक करायचे की नाही यावर सार्वमत घेण्याचं कबूल केलं. हो चि मिन्ह वाटाघाटींसाठी फ्रान्सला निघाले आणि त्यांची पाठ वळताच, १ जून १९४६ ला, उच्चायुक्त दार्जांल्यू यांनी सायगावात कोचिनचायनाचं स्वायत्त प्रजासत्ताक उभं केलं. सार्वमताचा बारच काढून घेतला. या सरकारचे प्रमुख डॉ. थिन्ह, आणि उपप्रमुख कर्नल स्वन.

थिन्ह यांना लवकरच उमगलं की खुर्ची आहे आणि अधिकार नाहीत. १० नोव्हेंबर १९४६ ला त्यांनी गळफास घेतला. हे एकाच वाक्यात सांगा. श्रोत्यांत शाळेतली मुलं असतात, आणि पुढचा मुद्दा त्या मृत्यूहून मोठा आहे: पुढे त्याच खुर्चीवर स्वन बसले आणि त्यांनी वाट बदलली. मधल्या काळात फ्रेंचांनी उत्तरेतल्या हायफाँग बंदरावर तोफा डागल्या, १९ डिसेंबर १९४६ ला हनोईत फ्रेंच आणि हो चि मिन्ह यांच्या फौजांत युद्ध पेटलं. सायगावात ले वान होआक यांचं सरकार येऊन गेलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये स्वन प्रमुख झाले आणि त्यांनी सरकारच्या नावातून ‘कोचिनचायना’ काढून ‘दक्षिण व्हिएतनाम’ आणलं. नुसता नावाचा बदल वाटतो. पण कोचिनचायना म्हटलं की तो वेगळा मुलूख. दक्षिण व्हिएतनाम म्हटलं की एका मोठ्या देशाचा दक्षिण भाग. सायगावातल्या रबर मळ्यांच्या मालकांना आणि अलगपणा हवा असणाऱ्या मंडळींना हे बरोबर समजलं आणि झोंबलं.

सहीची बारा मिनिटं

दोन हा लाँग करारांची गल्लत इथेच होते, म्हणून आधी ती मिटवा. पहिला ७ डिसेंबर १९४७ चा, बोलार आणि बाओ दाई यांच्यात. दुसरा ५ जून १९४८ चा, बोलार आणि स्वन यांच्यात. नौका तीच, उपसागर तोच. पाच जून ही तारीख फळ्यावर १८६२ च्या तहाशेजारी लिहा. कोचिनचायना जायला ज्या दिवशी सुरुवात झाली, त्याच तारखेला ८६ वर्षांनी तो परत मिळवण्याचा कागद झाला.

मजकूर सारांशानं तीन चिठ्ठ्यांवर लिहा आणि श्रोत्यांतल्या तिघांना उभं करून वाचायला सांगा. वक्त्यानंच सगळं वाचलं तर ते सरकारी परिपत्रकासारखं ऐकू येतं. फळ्याचे दोन भाग करा, ‘मिळालं’ आणि ‘राहिलं’, आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर श्रोत्यांनाच विचारून भरा.

पहिली चिठ्ठी: फ्रान्स व्हिएतनामचं स्वातंत्र्य मान्य करतो, एकी साधणं हे व्हिएतनामच्या स्वतःच्या हातात, व्हिएतनाम फ्रेंच युनियनमध्ये सहयोगी राज्य म्हणून सामील होतो, आणि युनियनमुळे येतील तेवढ्याच मर्यादा स्वातंत्र्याला राहतील. दुसरी: व्हिएतनाम फ्रेंच नागरिकांचे हक्क आणि हितसंबंध जपेल, लोकशाही तत्त्वांची हमी देईल, सल्लागार आणि तंत्रज्ञ लागतील तेव्हा आधी फ्रेंचांना बोलावेल. तिसरी: संस्कृती, परराष्ट्र व्यवहार, लष्कर, अर्थकारण, वित्त, तांत्रिक बाबी यांवरचे करार नंतर, स्वतंत्रपणे.

‘मिळालं’खाली एकच शब्द येतो, स्वातंत्र्य, आणि तो फ्रान्सनं पूर्वी दिला नव्हता. हो चि मिन्हना १९४६ मध्ये ‘मुक्त राज्य’ मिळालं होतं. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द स्वन यांच्या कागदावर आला. स्वन यांना याचं श्रेय न देता पुढे जाणारा वक्ता अर्धीच गोष्ट सांगतो. ‘राहिलं’खाली लष्कर, परराष्ट्र खातं, पैसा. श्रोते हे स्वतः भरतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

मग एकीची गाठ उलगडा, इथे नकाशाचे रंग कामाला येतात. आन्नाम, टोंकिन ही संरक्षित राज्यं, त्यांच्याबाबत फ्रेंच सरकार करार करू शकत होतं. कोचिनचायना कायद्यानं फ्रान्सचा मुलूख, तो सोडायचा तर फ्रेंच संसदेचाच कायदा हवा. उच्चायुक्ताच्या सहीनं तो सुटत नव्हता, मग समोर कोणीही सही करो. सहीनंतर थोड्याच दिवसांत वसाहतमंत्री कोस्त-फ्लोरे यांनी पॅरिसमध्ये हेच बोलून दाखवलं. बाओ दाई सही होताच युरोपात निघून गेले. कोचिनचायना मिळाल्याशिवाय परतायला ते तयार नव्हते. मागे राहिले स्वन, नावाला साऱ्या व्हिएतनामचे प्रमुख. ८ मार्च १९४९ ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओरिओल आणि बाओ दाई यांच्यात पत्रांची देवघेव झाली, २३ एप्रिलला कोचिनचायनाच्या सभेनं विलीनीकरणाच्या बाजूनं मत दिलं, आणि ४ जून १९४९ च्या फ्रेंच कायद्यानं तो प्रांत सुटला. सहीपासून वर्षाला एक दिवस कमी.

नंतरचं झटपट: जुलै १९४९ मध्ये बाओ दाईंचं व्हिएतनाम राज्य आलं, स्वन उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री झाले. पंतप्रधान एकामागून एक बदलत गेले, १९५४ मध्ये न्गो दिन्ह दिएम आले, आणि फ्रेंचांच्या बाजूनं वाढलेल्या या पिढीचं राजकारण आटोपलं. स्वन यांचा मृत्यू १९८९ मध्ये फ्रान्समध्ये झाला.

भिंत, वीज, पाऊस

कालरेषा सुतळीवर करा. १८६२ ते १९५४ एकाच प्रमाणात काढली तर महत्त्वाची सगळी कार्डं शेवटच्या हातभर जागेत एकमेकांवर चढतात. १८६२ ते १९४४ ला वर्षाला २ सेंमी द्या, म्हणजे सुमारे १६५. १९४५ ते १९५४ या दहा वर्षांना प्रत्येकी ३० सेंमी, म्हणजे ३००. एकूण साडेचार मीटरच्या थोडी वर, सोळा फुटांची भिंत पुरते. प्रमाण बदलतं तिथे तांबडी फीत बांधा आणि सांगा, नाहीतर पहिली ८३ वर्षं झपकन गेली असं लोकांना वाटतं.

चिऱ्याच्या किंवा चुना दिलेल्या भिंतीवर सेलोटेप धरत नाही, दमट हवेत तर तासाभरात सगळं खाली. दोन खिळे, सुतळी आणि कपडे वाळवायचे चिमटे घ्या. चार्टपेपर आदल्या दिवशी लावला तर सकाळी त्याच्या कडा वळलेल्या असतात; त्याच दिवशी दुपारी लावा.

पावसाळ्यात पत्र्याच्या सभागृहात हे व्याख्यान घेऊच नका. सर आली की माईक असूनही तिसऱ्या रांगेपुढे काही ऐकू जात नाही. एप्रिल-मेमध्ये बागायतदार आंब्यात असतात, चाकरमानी येतात ते लग्नकार्यांना. डिसेंबर-जानेवारी उत्तम. प्रोजेक्टर असला तरी नकाशा, कालरेषा आणि तीन चिठ्ठ्या कागदावर हव्यातच. वीज गेली तर व्याख्यान त्यावर पूर्ण होतं. फोटो नाही दाखवले तरी कोणाचं अडत नाही. सुरुवातीची वेळ शेवटच्या एसटीवरून उलटी मोजून ठरवा, आणि ती गाडी खरोखर सुटते का हे स्टँडवर विचारून घ्या.

येणारे प्रश्न

“म्हणजे हे सूर्याजी पिसाळच ना?” हा प्रश्न पहिल्या तिघांत येतोच. हो किंवा नाही म्हणू नका. फळ्यावरच्या दोन रकान्यांकडे बोट दाखवा आणि विचारणाऱ्यालाच सांगू द्या की त्या दिवशी सही न करता काय मिळालं असतं. कोणी युद्ध म्हणेल, कोणी काहीच नाही म्हणेल. दोन्ही उत्तरं राहू द्या.

“आपल्याकडे असे जनरल राजकारणात आले नाहीत ते का?” इथे तारखेनं उत्तर द्या. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती झाले, तोवर सरकार दिल्लीत निवडून गेलेल्यांचं होतं. त्याच महिन्यात स्वन सरकारचे प्रमुख होते आणि त्यांच्या देशातली फौज फ्रेंच सेनापतींच्या हुकमात. दोन देशांत कोण कोणाच्या हाताखाली होतं ते सांगितलं की पुरे.

“भारतानं काय केलं?” अमेरिका आणि ब्रिटननं फेब्रुवारी १९५० मध्ये बाओ दाईंच्या राज्याला मान्यता दिली, भारतानं दिली नाही. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं, सोबत कॅनडा आणि पोलंड.

किनाऱ्यालगतच्या गावात बोटीवर नोकरी केलेला एखादा माणूस समोर असतोच, आणि हायफाँग किंवा सायगाव बंदर त्यानं पाहिलेलं असतं. तो उच्चार सुधारायला उभा राहिला तर सुधारू द्या, मात्र माईक त्याच्या हातात जाऊ देऊ नका. थिबावरचे राखून ठेवलेले प्रश्न अगदी शेवटी घ्या. ते घेत असतानाच कार्यकर्त्यांनी नकाशा उतरवायला हरकत नाही. घडी घालू नका, नळीवर गुंडाळा. घडीची रेघ नेमकी आन्नामच्या चिंचोळ्या पट्ट्यावर येते आणि दुसऱ्या वापरात कागद तिथेच फाटतो.